सुपावर शिकलेली गिटार

बापूराव खोब्रागड्यांची पेटी बोडीत पडली ती श्रावण बारसागडेमुळे, याबद्दल गावात आजही दुमत नाही. खुद्द श्रावणचंही नाही. दुमत आहे ते एवढ्याच गोष्टीवर, की पेटी पडली तेव्हा बोडीत म्हशी चार होत्या की पाच.

पंच्याऐंशी साल, दिवाळीनंतरचे मंडईचे दिवस. धान कापणीला आलं की आमच्या झाडीच्या मुलखात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई भरली की गाणाऱ्या पार्टीला बोलावणं येतं. आमच्या गावची पार्टी तीन माणसांची. बापूराव गाणार आणि पेटी वाजवणार. सुकलू ढोलकी वाजवणार. श्रावण मागून कोरस ओढणार, खंजिरी हलवणार आणि सामान चढवणार. तिसऱ्या कामात तो पहिल्या दोहोंपेक्षा बरा होता, असा त्या दिवसापर्यंत सगळ्यांचा समज होता.

परतीच्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून पेटी टपावर गेली. दोर होता. गाठ कोणती मारायची हे मात्र श्रावणच्या डोक्याने ठरवलं नाही, हातांनी ठरवलं. त्या हातांनी गेला पंधरवडाभर धानाच्या पेंढ्या बांधल्या होत्या. पेंढीला गाठ नसतेच. दोन टोकांना पीळ द्यायचा आणि पीळ खाली खोचून मोकळं व्हायचं. खळ्यावर नेली की एका झटक्यात सुटावी, यासाठीच ती तशी बांधतात. श्रावणने पेटीची पेंढी बांधली. सिंदेवाहीच्या अलीकडे वळणावर खड्डा आला, गाडीने झटका दिला आणि पेटी खळ्यावर आल्यासारखी सुटली.

रस्त्याच्या कडेला बोडी होती, धानाला पाणी देणारं लहानसं तळं. म्हशींनी पेटीला जागा करून दिली. सुकलूने ती ओढून काठाच्या पाळीवर आणली. बापूराव तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी भाता हलवला. सूर निघाला नाही. पाणी निघालं, आणि पाण्यामागून दोन झिंगे निघाले. बापूरावांनी झिंग्यांकडे पाहिलं, मग श्रावणकडे पाहिलं, मग उठून सरळ गावाकडे चालू लागले. एसटी मागून हॉर्न वाजवत राहिली.

त्या दिवसापासून बापूराव श्रावणशी बोलत नव्हते. म्हणजे सांगायचं ते सांगत, पण दुसऱ्याच्या मार्फत. "सुकलू, त्याले सांग, खंजिरी घरी आणून ठेव म्हणा." श्रावण तिथेच हातभर अंतरावर उभा असायचा. आणि तिथे कोणी तिसरा नसला तर गोठ्यातल्या बैलाला सांगत. श्रावणला बैलाचं वाईट वाटायचं. त्या बिचाऱ्याला निरोप पोचवता येत नव्हता.

हा श्रावण म्हणजे चोवीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात रोजंदारीवर लोंबीतले दाणे मोजणारा माणूस. दाणे मोजण्यात त्याचा हातखंडा होता, पण बाकी जे धरलं ते अर्ध्यावर. ब्रह्मपुरीला टायपिंग शिकायला गेला तो निम्मी परीक्षा देऊन आला. सायकल दुरुस्तीचं दुकान घातलं ते पहिला पंप फुटेपर्यंत चाललं. पोहणंसुद्धा त्याला पाठीवरचंच यायचं. त्यामुळे जिथे जायचं ते त्याला कधी दिसत नसे.

आणि अशा माणसाने जानेवारीच्या बैठकीत तोंड उघडलं.

बैठक होती जयंती समितीची, विहारात. चौदा एप्रिलला विहारासमोरच्या स्टेजवर गेली अठरा वर्षं बापूरावच गात आले होते. पण पेटी गेलेली. नागपूरच्या दुरुस्तीवाल्याने आतल्या पट्ट्या पाहून हात जोडले होते. आणि बापूरावांचा गळा असा, की खाली सुराचा आधार नसला तर तो चढतच जायचा. एकदा चढला की शिडी काढून घेतल्यासारखा वरच अडकायचा. अध्यक्ष म्हणाले, "औंदा नागभीडकडल्या पार्टीले सांगून पाहू. बापूरावभाऊले बी आराम होईल."

मांडीवरची गाण्याची वही बापूरावांनी मिटली, दोरीने गुंडाळली आणि सदऱ्याच्या आत ठेवून दिली. वही गुंडाळताना त्यांनी दोरीला पक्की गाठ मारली, एक सोडून दोन. ती गाठ श्रावणने पाहिली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "पेटी नाई तं गिटार राहील. मी वाजवतो."

"तुह्याजवळ गिटार आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाई."

"वाजवता येते?"

"एप्रिल दूर आहे," श्रावण म्हणाला.

अध्यक्षांनी मुदत दिली. मार्च संपेपर्यंत ऐकवायचं, नाही जमलं तर नागभीडला निरोप जाईल. बापूरावांनी उठता उठता विहाराच्या खांबाला सांगितलं, "त्याले म्हणा, आधी पेंढ्या बांध."

आता गिटार. ब्रह्मपुरी ते सिंदेवाही जीप चालवणाऱ्या बिरजूकडे एक गिटार वर्षभर पडून होती. कुण्या बदली झालेल्या साहेबाच्या पोराने सामान नेताना जीपमध्येच विसरलेली. बिरजूने तिचा फार छळ केला नव्हता. फक्त सवारीची लेकरं मागच्या सीटवर रडली की तो ती त्यांच्या हातात द्यायचा. सहातल्या पाच तारा शिल्लक होत्या, आणि सोबत एक हिंदी पुस्तिका होती, तिची शेवटची अर्धी पानं वाळवीने वाचून काढली होती.

"ने," बिरजू म्हणाला. "मालक मांगाले आला तं देऊन देजो. अन् सवारीसमोर वाजवू नको गा, मले धंदा करा लागते."

सहावी तार ब्रह्मपुरीच्या बँडवाल्याकडून मिळाली. तारा छेडायची पट्टी पुस्तिकेत त्रिकोणी दाखवली होती. ती श्रावणने फुटक्या साबणदाणीतून कापून काढली. डाव्या हाताचं काम त्याला लवकर आलं. तारा दाबायच्या तीन जागा, तीन-तीन बोटं. बोटांची टोकं आठ दिवस सुजली, मग घट्टे पडले. रोज हजारो दाणे मोजणाऱ्याला बोटं वेगवेगळी हलवणं काही जड नव्हतं. केंद्रात तो दुपारच्या सुट्टीतही डाव्या हाताने हवेत जागा धरून बसायचा. लोक म्हणत, याला लकवा होऊन राह्यला.

अडलं ते उजव्या हातात. पुस्तिकेत नुसते बाण होते, एक खाली, एक खाली, एक वर, पुढे एक बाण गाळलेला, मग वर, खाली, वर. श्रावण कुऱ्हाड मारल्यासारखा हात खाली आणायचा, थांबायचा, पुस्तकात पाहायचा, मग वरचा बाण सापडला की हात वर ओढायचा. वर येताना पट्टी तारेत अडकायची आणि गिटारच्या पोटात जाऊन पडायची. मग गिटार उलटी धरून ती झटकत बसायचं. सुकलू सरावाला ढोलकी घेऊन यायचा. त्याची ढोलकी गावाच्या वेशीपर्यंत पोचली की श्रावणची गिटार विहिरीपाशीच असायची.

"श्रावण," सुकलू एके दिवशी म्हणाला, "मी विचारून राह्यलो म्हणून राग नको धरू. तू हे वाजवून राह्यला का खाजवून राह्यला?"

"पुस्तकात असंच आहे."

"मंग पुस्तकाले खरूज झाली असन."

फेब्रुवारी असाच गेला. घरी सराव करायची सोय नव्हती, कारण श्रावणच्या आईने स्पष्ट सांगितलं होतं की दुभती गाय आहे. म्हणून तो बापूरावांच्या घरामागच्या चिंचेखाली बसायचा. तिथे बसण्यात थोडं प्रायश्चित्तही होतं. बापूराव त्या वेळी शेतावर असत.

चिंचेला लागूनच बापूरावांच्या परसातली सांदवाडी, आणि सांदवाडीत गिरजाबाई, म्हणजे बापूरावांची बायको, मिलवरून आणलेले तांदूळ पाखडत बसलेली असायची. पन्नाशीची बाई, बोलायला कमी. बापूराव घरातलं सगळं बोलून संपवत, तिच्या वाट्याला शिल्लक उरत नसे. तीन दिवस तिने ती गिटार ऐकली. चौथ्या दिवशी सूप खाली ठेवून कुंपणाशी आली.

"काऊन थांबते रे तुहा हात?"

"कुठी थांबते, काकी?"

"दर घडीले थांबते. मी पाखडून राह्यली अन् तुह्या वाजवण्यानं माहा हात बी अडखडून राह्यला. कोंडा माह्याच तोंडावर आला सकाळी. इकडे ये."

तिने त्याला समोर बसवलं आणि सूप उचललं. तांदूळ वर उडाले, सुपात पडले, कोंडा पुढे निघून गेला. पुन्हा. मग एकदा तिने सूप नुसतंच खाली नेलं, तांदूळ जागचे हलले नाहीत. पुढच्या वेळी मात्र ते आपसूक उडाले.

"आता पाह्यलं? मधात एक रिकामी गेली. पन हात थांबला का माहा?"

"नाई."

"रिकामा असो का भरला असो, हात जातच राह्यते. थांबला का कोंडा घरातच पडला समज. तू काय करते, काम असलं तं हात हालवते, नाई तं बसून राह्यते. रोजंदारीची सवय दिसते."

श्रावणने पुस्तिका उघडली. गाळलेला बाण. तिथे हात थांबायचा नव्हता. तिथे हात खाली जायचा होता, फक्त तारांना लागायचं नव्हतं. दीड महिना तो त्या मोकळ्या जागेत बसून विचार करत होता, आणि ती जागा बसायची नव्हतीच.

"मले शिकवता का, काकी?"

गिरजाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. दोन झिंगे तिलाही आठवले असावेत. मग तिने आपली अट सांगितली. घरात दहा पायल्या तांदूळ पाखडायचे पडले आहेत, तिचं मनगट थंडीपासून धरलं आहे. दहाच्या दहा पायल्या श्रावणने पाखडून द्यायच्या. गिटार मात्र चिंचेला टांगून ठेवायची. "ज्या दिवशी तुह्या अंगावर कोंडा पडणार नाई, त्या दिवशी ते खाली काढ."

सूप हाती धरणं हे आमच्याकडे पुरुषाचं काम नाही. पुरुष खळ्यावर वाऱ्याला उभा राहून धान उधळेल, त्यात मर्दानी डौल आहे. पण मांडी घालून, सूप मांडीवर टेकवून तांदूळ घोळणारा बाप्या अजून कोणी पाहिला नव्हता. तो ठमाबाईने पाहिला. ठमाबाईचं घर कुंपणापलीकडे आणि तिचं लक्ष नेहमी कुंपणाअलीकडे. पहिल्याच दिवशी तिचं डोकं वर आलं.

"गिरजाबाई, सून आनली काय वो? सांगतलं बी नाई. हळद कधी लागली?"

"तीन महिन्याआधी बोडीत लागली," गिरजाबाई म्हणाली, मान वर न करता. "चिखलाची."

"रंगानं सावळी आहे, पन कामाले बरी दिसते. मिशी तेवढी काढा म्हना."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर श्रावणला दोन बायांनी सासू जाच करते का म्हणून विचारलं. केंद्रातही बातमी पोचली. त्याने कोणालाच उत्तर दिलं नाही, कारण त्याचं तोंड कोंड्याने भरलेलं होतं. पहिल्या पायलीला तांदूळ जमिनीवर आणि कोंडा श्रावणवर अशी सरळ वाटणी झाली. कोंबड्यांनी त्या आठवड्यात चांगलंच अंग धरलं. दुसऱ्या पायलीला तांदूळ सुपात राहायला लागले. तिसऱ्या-चौथ्याला तुटक्या दाण्यांची कनकी एका कोपऱ्यात गोळा व्हायला लागली. गिरजाबाई बाजूला भाजी निवडत बसायची आणि फक्त आवाजावरून सांगायची, "कोपरातून नको, मनगटातून. तुले झाड तोडाचं नाई." किंवा, "इतकं घट्ट नको धरू, सूप पळून नाई जाऊन राह्यलं." आणि पाखडताना कोंडा सुपाच्या ओठावर येऊन थांबला की एक फुंकर मारायची, तीही तिने शिकवली. फुंकर मोठी नको, लांब नको, ताल सोडून तर मुळीच नको.

सहाव्या पायलीला श्रावणने अंगावरून हात फिरवला. सदरा स्वच्छ होता. त्याने गिटार चिंचेवरून काढली.

खाली. खाली-वर. रिकामा. वर-खाली-वर. मनगट सुपासारखं हलत होतं, पट्टी तारांवरून निसटत होती, अडकत नव्हती. तीन जागा आणि एक हात. पाऊणशे वेळा एकसारखं वाजलं, आणि शहात्तराव्या वेळी चुकलं तेव्हा हात थांबला नाही, म्हणून चूक पुढे निघून गेली, कोंड्यासारखी. गिरजाबाई भाजी निवडत होती. तिच्या बोटांनी केव्हा त्याच तालावर शेंगा मोडायला सुरुवात केली ते तिला कळलं नाही.

सातवी, आठवी आणि नववी पायली एक दिवस सूप, एक दिवस गिटार अशी गेली. मार्च संपायला चार दिवस उरले असताना बापूराव दुपारीच घरी आले. ताप होता. ते समोरच्या खोलीत घोंगडं घेऊन पडले. मागे सांदवाडीत आवाज चालला होता, ठरलेला, न थांबणारा. त्यांना वाटलं, बायको पाखडून राहिली. तीस वर्षं त्या आवाजावर त्यांना झोप लागत आली होती. पण त्या दिवशी झोपेऐवजी भलतंच झालं. बापूराव पडल्या पडल्या गुणगुणू लागले, मग हलक्या आवाजात गाऊ लागले, मग मोकळ्या. गळा चढला, वर गेला, आणि खाली आला. बापूराव दचकून उठून बसले. नोव्हेंबरपासून तो खाली आला नव्हता.

घोंगडं अंगावर घेऊनच ते मागे गेले. सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. बायको शेंगा सोलत होती. आणि श्रावण डोळे मिटून गिटार वाजवत होता.

त्याने डोळे उघडले तेव्हा समोर घोंगड्यातले बापूराव. पूर्वीचा श्रावण असता तर हात जागीच गारठला असता. हात चालत राहिला. पळावं की काय याचा विचार त्याने वाजवता वाजवताच केला.

बापूरावांनी त्याच्याकडे पाहिलं, चिंचेकडे पाहिलं, मग बायकोला म्हणाले, "त्याले सांग, अंतऱ्याच्या टायमाले थोडं धीमं घे म्हणा."

"त्यायले म्हना, घेतो," श्रावण म्हणाला.

"तुमी दोघं मले टपाल समजून राह्यले काय," गिरजाबाई म्हणाली. "मले शेंगा सोलू द्या."

समितीला ऐकवण्यात आलं. अध्यक्षांना गिटारमधलं कळत नव्हतं, पण बापूरावांचा गळा खाली आलेला त्यांनी कानांनी ऐकला. नागभीडला निरोप गेला नाही.

चौदा एप्रिलला संध्याकाळी विहारासमोर निळ्या पताका, दोन भोंगे आणि सगळं गाव. बायका डाव्या बाजूला, त्यांच्यात पुढेच गिरजाबाई आणि तिला चिकटून ठमाबाई. बापूराव मधोमध उभे, गाण्याची वही उघडलेली. ते नेहमी बसून गात, पण या वेळी मांडीसमोर पेटी नव्हती, तेव्हा बसून करायचं काय. श्रावणच्या तोंडासमोरही एक माइक होता, कोरससाठी.

पहिल्या गाण्याला सगळं नीट चाललं. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर घामाने साबणदाणीचा तुकडा निसटला आणि थेट गिटारच्या पोटात गेला. झटकायला वेळ नव्हता. श्रावणने समोर पाहिलं. बापूराव कडव्याच्या चढणीला लागले होते, तिथून आधार काढला तर माणूस वरच राहील. त्याने बायकांच्या बाजूला पाहिलं. गिरजाबाई मांडीवर दोन्ही हात धरून रिकामं सूप हलवत होती. तोंडाने काही नाही, नुसते हात.

श्रावणने रिकाम्या बोटांनीच तारा छेडल्या. नखं लागली, आवाज मऊ आला, पण थांबला नाही. मनगट सुपाच्या वाटेने निघालं, आणि सुपामागून सुपाची सगळीच सवय आली. बापूराव श्वास घ्यायला थांबले त्या जागी श्रावणने ओठ गोल केले आणि पुढचा कोंडा उडवला.

माइक समोरच होता. फूऽऽ करून ती फुंकर दोन्ही भोंग्यांतून विहारावर, पिंपळावर आणि मागच्या धानाच्या बांध्यांपर्यंत गेली.

मग सुकलूने, त्याला देव म्हणा की दोस्त, त्या फुंकरीवर अचूक एक थाप मारली. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. पुढच्या कडव्याला सगळे त्या जागेची वाट पाहू लागले. श्रावणच्या हे ध्यानात आलं, आणि आता ती फुंकर टाळावी तरी फसगत आणि मारावी तरी लाज, अशा पेचात त्याने ती मारली. टाळ्या पडल्या. तिसऱ्या कडव्याला समोरची लेकरंही फुंकू लागली. चौथ्याला ठमाबाई.

"गिरजाबाई," ठमाबाई मोठ्याने म्हणाली, "सून लाखात एक मिळाली वो."

गाणं संपलं, बापूराव व्यवस्थित खाली उतरले, गळ्यानेही आणि स्टेजवरूनही. खाली श्रावण गिटार उलटी करून तुकडा झटकत होता. बापूराव त्याच्यासमोर उभे राहिले. सुकलू जवळच होता, पण त्यांनी सुकलूकडे पाहिलं नाही.

"श्रावण," ते म्हणाले, "ते फूं कुठं शिकला?"

पाच महिन्यांत त्याच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. श्रावणने बायकांच्या बाजूला बोट दाखवलं.

बापूरावांनी तिकडे पाहिलं. "तीस वर्षं झाली," ते म्हणाले, "मले नाई शिकवलं तिनं." मग जाता जाता वळून म्हणाले, "खंजिरी घेऊन जा माह्या घरून. अन् एसटीत आता गिटार मांडीवर घेऊन बसाचं. टपावर जाऊ नको."

गिटारचा मालक अजून मागायला आलेला नाही. बिरजू मात्र सवारीला अभिमानाने सांगतो की वाजवणारा आपल्या जीपचा शिष्य आहे. म्हशी चार की पाच, हा वाद चालूच आहे.

आणि दहावी पायली राहून गेली आहे. जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी श्रावण ती पाखडायला सांदवाडीत गेला. गिरजाबाई म्हणाली, सूप आत्ताच सारवलं, ओलं आहे. आठ दिवसांनी गेला तर म्हणाली, तांदूळ अजून मिलवरून आले नाहीत, आणि आलाच आहे तर बस, समोरच्या खोलीत पडलेल्या बापूरावांना ऐकू येईल इतपत वाजव. पावसाळ्यात गेला तेव्हा सूप भिंतीवर टांगलेलं होतं, खडखडीत वाळलेलं. त्याने ते काढायला हात वर नेला.

"ठेव ते," ती म्हणाली. "हवा दमट आहे. पुढं पाहू."

"पन काकी, एक पायली बाकी आहे माह्यावर."

"मले ध्यानात आहे," गिरजाबाई म्हणाली, आणि शेंगांची टोपली त्याच्यासमोर सरकवली.